गौरीला दिलेलं उत्तर

यादीत टोकेकरांचं नाव नव्हतं. घाटाच्या चौतऱ्यावर उभं राहून विष्णूनं ती तीनदा वाचली. एकदा वरून खाली, एकदा खालून वर, आणि तिसऱ्यांदा प्रत्येक नावावर बोट ठेवून. असं बोट ठेवून वाचणाऱ्या पोराला तो स्वतः शाळेत बाकावर उभा करायचा. दुर्गाघाटाच्या गल्लीतली शेजारची तिन्ही घरं यादीत होती. ज्याचं घर म्हणजे चार बांबू आणि एक गोणपाट, तो कोपऱ्यावरचा पानवालाही होता. टोकेकर तेवढे नव्हते.

"उजर की अर्जी दे दीजिए, मास्टरजी," पानवाला मागून म्हणाला. "परसों मेंबर साहब खुद यहीं चौतरे पर बइठेंगे. सबकी सुनेंगे."

विष्णूला राग आला की त्याचं अक्षर सुंदर यायचं. तिथंच बसलेल्या म्युनिसिपालिटीच्या कारकुनाकडून कागद मागून घेऊन त्यानं मांडीवर अर्ज लिहिला, तोही इंग्रजीत. नुकसान पाहायला ओव्हरसियर आमच्या घरी आलेच नाहीत. घरबसल्या शेरा मारला. अशा माणसाला जाब विचारावा. कारकुनानं अर्जावर तारीख घातली आणि परवा दहा वाजता यायला सांगितलं. मग आपले विष्णुपंत पायऱ्यांवरचा गाळ तुडवत, वरपर्यंत धोतर माखून घेत, बालाजी घाटाकडच्या धर्मशाळेत परतले.

त्या वर्षी, जर्मन लढाई चालू असताना, गंगा भाद्रपद लागता लागता गल्लीत शिरली आणि पाच दिवस ठाण मांडून बसली. उतरताना टोकेकरांच्या घराचा मागचा भाग घेऊन गेली, म्हणजे स्वयंपाकघर आणि सामानाची खोली. पुढच्या दोन खोल्या उभ्या होत्या, म्हणून मंडळी गौरीगणपतीपुरती तिथंच राहिली. गौरी गेल्या आणि चौथ्या दिवशी पुढची भिंतही अशी फाकली की तिच्यातून हात बाहेर काढता येई. तेव्हा मात्र बोचकी बांधून सगळे धर्मशाळेत आले. तिथला कारभार पाहणाऱ्या काशीनाथानं एका शब्दानं न विचारता माडीवरची खोली उघडून दिली, त्याचं भलं होवो. पण नवरात्रात नाशिकचे यात्रेकरू यायचे होते, त्यांची खोली वर्षभर आधी ठरलेली. घटस्थापनेला दहा दिवस राहिले होते. आणि विष्णूच्या बायकोचे, कालिंदीचे, दिवस भरत आले होते.

सरकारला नावं ठेवायला आमची काशी कुणाला हार जात नाही. पण त्या साली म्युनिसिपालिटीनं जे केलं ते केलं, नाही म्हणून चालणार नाही. पुरात नावा फिरवल्या, घरोघरी चणे पोचवले. गावात भाड्यानं खोली मिळेना, एकेका ओसरीत तीन तीन बिऱ्हाडं दाटीवाटीनं राहायला लागली, तेव्हा शहराबाहेरच्या उंचवट्यावर टिनाच्या छपराच्या खोल्या उभ्या करायला घेतल्या. लढाईमुळे पत्रा मिळत नव्हता, तरी कुठून कुठून गोळा केला. ज्याचं नाव यादीत, त्याला फाल्गुनापर्यंत खोली, आणि मग घर बांधायला चुना आणि विटा. म्हणजे सगळं त्या यादीवर होतं.

"नाव नाही म्हणजे काय?" सीताआत्या म्हणाली. ही विष्णूची आणि त्याच्या थोरल्या भावाची, शिवरामाची, आत्या, तरुणपणी विधवा होऊन माहेरी आलेली, आणि तेव्हापासून घरातला शेवटचा शब्द तिचा. "नीट पाहिलंस का रे? तुला लहानपणापासून समोरचं दिसत नाही."

"तीनदा पाहिलं, आत्या."

"मग त्या मेल्यानं मुद्दाम वगळलं. हात ओले केले नसतील कुणी."

"तेच लिहून आलोय. म्हणजे अगदी तसं नाही, पण तो आलाच नाही असं लिहिलंय. परवा मेंबरसमोर उभा करतील त्याला. नोकरी गेली तर जाऊ दे."

अन्नपूर्णा, विष्णूची वहिनी, खाली बसून तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात कालिंदी भिंतीला पाठ लावून बसली होती, तिनं मान वर केली. दोघी जावांची नजरानजर झाली आणि दोघींनीही डोळे फिरवले. नऊ वर्षांच्या शरदिनीनं, अन्नपूर्णेच्या लेकीनं, ते पाहिलं.

"पण काका, वो बाबू तो आए थे ना? टोपीवाले?"

"शरू, जा, खालून पाणी घेऊन ये," अन्नपूर्णा म्हणाली.

"घडा तो भरा है."

"मग दुसरा भर!"

अन्नपूर्णा लेकीवर कधी आवाज चढवत नसे. शरदिनी भरलेलाच घडा उचलून मुकाट्यानं खाली गेली.

शिवराम घरी नव्हता. पितृपक्ष म्हणजे त्याच्या याज्ञिकीचा हंगाम. पहाटेपासून पंचगंगा घाटावर एकामागून एक श्राद्धं. तो दुपारी परतेपर्यंत अन्नपूर्णेच्या पोटात अन्नाचा कण गेला नाही. भूक नाही म्हणाली. आत्याबाईंनी तिला सुंठेचा काढा दिला, तोही तसाच राहिला.

कालिंदी विहिरीशी तिच्या मागोमाग आली. जिना उतरताना तिला धाप लागली होती.

"जाऊबाई, मी सांगू का सगळ्यांना? मी बोलले म्हणून सांगते. मला कोण काय बोलणार आता? अशा अवस्थेत कुणी रागावत नाही."

"वेडी आहेस का?"

"मीही होतेच की. पावलं मीच उमटवत होते. तुम्ही बाबूला म्हणालात, तेव्हा मी मान डोलावली. दोघींनी मिळून सांगितलं असं म्हणा."

अन्नपूर्णेनं तिचा हात धरला. या मुलीला घरात येऊन चार वर्षं झाली होती. पण पूर येईपर्यंत दोघींत फार काही बरं नव्हतं. मिठाच्या बरणीवरून अबोला, लुगड्याच्या घडीवरून अबोला. पुराच्या पाच दिवसांत, घराच्या माडीवर एका पांघरुणात झोपून, ते सगळं कुठल्या कुठे गेलं. अन्नपूर्णेला तेव्हा फार बरं वाटलं होतं आणि आत्ताही वाटलं.

"तू फक्त माझ्याजवळ बस," ती म्हणाली. "बोलायचं ते मी बोलते."

झालं होतं ते असं. गौरी आवाहनाचा दिवस. पुरुष मंडळी घाटावर गाळ उपसायला गेलेली, आत्याबाई देवळात. अन्नपूर्णा ताटात गौरींचे मुखवटे घेऊन उंबऱ्यावर उभी, कालिंदी पुढे कुंकवाची पावलं उमटवत चाललेली, शरदिनी पळीनं थाळी वाजवतेय. गौरीला घरभर फिरवायचं असतं. प्रत्येक खोलीशी थांबून विचारायचं, इथं काय आहे? आणि उत्तर द्यायचं, उदंड आहे. धान्याच्या खोलीशी, धान्य उदंड आहे. तिजोरीशी, सोनं-रुपं उदंड आहे. नाही, संपलं, मोडलं, पडलं हे शब्द गौरी घरात असेपर्यंत जिभेवर येऊ द्यायचे नाहीत. लग्न होऊन आलेल्या दिवसापासून अन्नपूर्णा हे करत आली होती. यंदा मागच्या दारात गेल्या, तर समोर नुसता मातीचा ढिगारा, त्यातून पाटा-वरवंट्याचं टोक वर आलेलं. कालिंदीचा आवाज फुटेना. तरी तिनं विचारलं, "इथं काय आहे?" आणि अन्नपूर्णा ठणठणीत आवाजात म्हणाली, "स्वयंपाकघर आहे. चूल पेटलेली आहे. अन्न उदंड आहे."

तेवढ्यात पुढच्या दारातून हाक आली, तशी अन्नपूर्णा ताट घेऊन पुढे गेली. ओव्हरसियर, बगलेत वही, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यानं ताटातले मुखवटे पाहिले, जोडे काढून चार पावलं मागे सरकला, डोक्यावरची टोपी हातात घेतली आणि बाहेरूनच विचारलं, "माताजी, घर में क्या नुकसान हुआ है?"

आणि अन्नपूर्णा, ताट हातात, गौरी ताटात, म्हणाली, "कुछ नहीं, बाबू. सब भरा-पूरा है. कुछ नहीं गिरा."

त्यानं ते लिहून घेतलं, नमस्कार केला आणि पुढच्या घराकडे गेला. दुसरं काय करणार बिचारा? संध्याकाळपर्यंत तिच्या लक्षातही आलं नाही की आपण काय केलं. लक्षात आलं तेव्हा गौरी घरातच होत्या. त्या गेल्यावर सांगू म्हणाली. मग भिंत फाकली, बोचकी बांधायची धांदल उडाली, आणि मग वाटलं की बाबू काही आंधळा नाही, बाहेरूनही दिसतंय, लिहिलं असेल त्यानं बरोबर. असं स्वतःला समजावत माणूस किती दिवस काढतो, ते ज्याचं त्याला ठाऊक.

शिवरामाचं जेवण होईपर्यंत ती थांबली. तो आचवून सुपारी कातरायला बसला, तेव्हा ती सगळ्यांच्या देखत पुढे येऊन बसली. कालिंदी तिच्या शेजारी.

"ओव्हरसियर आले होते," ती म्हणाली. "काही पडलं नाही म्हणून मीच त्यांना सांगितलं."

आणि तिनं सगळं सांगितलं, काही न लपवता. अडकित्ता शिवरामाच्या हातात तसाच राहिला.

पहिला आवाज विष्णूचा. "वहिनी! अहो, मी अर्ज देऊन बसलोय! इंग्रजीत!"

"म्हणून तर सांगतेय, भाऊजी."

"सकाळी का नाही सांगितलंत?"

"धीर झाला नाही."

विष्णू उठला, खिडकीशी गेला, परत आला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं, कारण त्याला काही लपवता येतच नसे. अर्ज मागे घ्यावा, तर ओव्हरसियरचा शेरा खरा ठरतो: घर धड आहे. अर्ज ठेवावा, तर दुसऱ्यांदा पाहणी होईल, खोली मिळेल. त्या बाबूला काय, फार तर ताकीद. एका ताकिदीनं कुणी मरत नाही. आणि इथं दहा दिवसांनी बायकोला घेऊन जायचं कुठे? मणिकर्णिकेच्या पायऱ्यांवर?

"मी म्हणतो," तो हळू आवाजात म्हणाला, "हे या खोलीतच राहू दे."

"शहाणा आहेस," आत्या म्हणाली. "गौरीपुढे दिलेलं उत्तर चारचौघांत जाऊन फिरवायचं नसतं. घराला बाधतं. उदंड आहे म्हटलं ना, मग उदंड आहे. पुन्हा कुणी काही विचारू नका."

"आणि त्या बाबूची रोजी?" अन्नपूर्णा म्हणाली. "जोडे काढून उभे राहिले ते, आत्याबाई. टोपी काढली. आपल्या गौरीचा मान राखला म्हणून आत आले नाहीत. आत आले असते तर सगळं दिसलं असतं. त्यांनाच आपण खोटं पाडायचं?"

"आपलं पाहायचं का त्याचं?" विष्णू म्हणाला. "वहिनी, हिची पहिलीच खेप आहे. मला दुसरं काही सुचत नाहीये. रागावू नका."

"मी सांगू?" कालिंदी म्हणाली. नवऱ्याकडे न पाहता, पदराच्या टोकाला पीळ देत. "उद्या मूल झालं आणि त्याला कुणी विचारलं, तुझा जन्म कुठे झाला, तर काय सांगायचं? एका माणसाची चूक नसताना त्याच्यावर आळ घेऊन मिळवलेल्या खोलीत?"

"कालिंदी, तू मध्ये बोलू नकोस."

"मग कधी बोलू? मला त्या खोलीत झोप लागायची नाही. तुम्ही खुशाल झोपा."

बायको एवढं बोलते हे विष्णूला चार वर्षांत पहिल्यांदा कळत होतं. आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. "बघा, बघा! काल आलेल्या सुना आज कायदा सांगायला लागल्या. शिवा, तू का गप्प? तोंडात सुपारी आहे का?"

शिवरामानं अडकित्ता मिटला. सकाळपासून तेवीस यजमानांचे पितर तृप्त करून आलेला माणूस. घसा बसला होता. त्याला विष्णूचं पटत नव्हतं, ते तर लगेचच ठरलं होतं. त्याला बोचत होतं ते दुसरंच. गौरीसमोरचा शब्द फिरवायचा, तर तो शब्द खोटा होता असं म्हणायला लागणार. देवीला खोटं सांगणारं घर म्हणून टोकेकरांचं नाव झालं, तर पंचगंगेवर त्याच्या हातचं तीळपाणी कोण घेईल? याज्ञिकाजवळ दुसरं असतं काय, वाणीच.

"एक सांग," तो बायकोला म्हणाला. आत्याच्या देखत तो तिच्याशी सहसा सरळ बोलत नसे. "तू देवीला खोटं बोललीस का?"

अन्नपूर्णेनं विचार केला. खरोखरच केला, सगळे थांबले.

"नाही," ती म्हणाली. "देवीला दिसत होतंच की काय आहे ते. ढिगाऱ्यापुढेच उभ्या होत्या त्या. मी उदंड आहे म्हटलं ते मागणं होतं. तिच्याकडे मागायची आपली तीच रीत. खोटं बोलले ते बाबूशी. त्यांनी साधा प्रश्न विचारला होता, त्यांना साधं उत्तर द्यायला हवं होतं."

शिवरामानं अडकित्ता खाली ठेवला. हसला की काय, कळलं नाही, मिशा हलल्या. "पुण्याहवाचनात यजमान विचारतो आणि आम्ही एका सुरात सांगतो, दीर्घायुष्य असो, संपत्ती असो. ते काय आम्ही मोजून आलेलो असतो? आत्या, हिचं बरोबर आहे. देवीचं उत्तर देवीपाशी राहील. म्युनिसिपालिटीचं म्युनिसिपालिटीला देऊ."

"तू जाऊन सांगशील ना?" आत्या म्हणाली.

"मी तिथं नव्हतो. जिला विचारलं तिनं सांगायचं."

"बाईमाणूस? घाटावर? मेंबरपुढे?"

"मी शेजारी उभा असेन," शिवराम म्हणाला आणि पुन्हा सुपारी हातात घेतली. अन्नपूर्णा उठून जिन्याशी गेली आणि तिथं भिंतीकडे तोंड करून तिनं डोळे पुसले. या माणसाशी लग्न झालं हे आपलं नशीब, असं तिला वाटलं, आणि ते तिला त्याला कधीच सांगता आलं नाही, म्हणून इथं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दहा वाजता दुर्गाघाटाच्या चौतऱ्यावर जत्रा भरली होती. टेबल, छत्री, छत्रीखाली मेंबरसाहेब: चौकातले वयस्क कापडवाले, जाड भिंगाचा चष्मा. शेजारी ओव्हरसियर गिरिजाबाबू, तीच वही, तोच चिखल, आणि दाढी वाढलेली. पंधरा दिवस माणूस दारोदार फिरत होता. टोकेकर सगळेच्या सगळे आले होते. आत्या मी येणार नाही म्हणाली होती, ती सगळ्यांच्या पुढे होती.

मेंबरसाहेबांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून पाहिलं. "गिरिजाबाबू, लिखा है आप गए ही नहीं."

"गया था, हुजूर." ओव्हरसियरचा चेहरा उतरला. त्यानं वही उघडून पान दाखवलं. "दरवाजे पर माताजी मिली थीं. जो उन्होंने बताया, वही लिखा."

"कौन माताजी?"

विष्णू पुढे झाला. परवापासून तो नीट झोपला नव्हता. "साहेब, अर्ज मी लिहिला... मैंने लिखा, गलत लिखा. मुझे मालूम नहीं था." हे मास्टरचं तोंड, जे वर्गात कधी चुकत नसे, आणि आज गल्लीतल्या निम्म्या पोरांचे बाप समोर उभे. कान लाल झाले, पण त्यानं ते पुरतं म्हटलं, आणि गिरिजाबाबूंकडे वळून हात जोडले.

मग अन्नपूर्णा पुढे आली. शिवराम तिच्या डाव्या हाताशी उभा राहिला. मराठी घरची बाई अशी बोलायला उभी राहिलेली कुणी पाहिली नव्हती.

"बाबू सच कहते हैं," ती म्हणाली. पहिले दोन शब्द कुणाला ऐकू गेले नाहीत, पुढचे गेले. "उस दिन हमारे यहाँ गौरी आई थीं. देवी जब तक घर में हों, हम लोग 'नहीं है' नहीं बोलते. जो पूछो, कहते हैं भरा है. बाबू ने पूछा, तो वही मुँह से निकल गया. बाबू की कोई गलती नहीं. हमारी है."

"तो असल में क्या हाल है?" मेंबरसाहेबांनी विचारलं.

अन्नपूर्णेनं श्वास घेतला. जन्मात असं काही ती बोलली नव्हती, आणि एकदा सुरू केल्यावर तिला थांबता येईना. स्वयंपाकघर गेलं. चूल गेली. पाटा-वरवंटा ढिगाऱ्यात आहे. पिंपातले तांदूळ गेले, वर्षाची डाळ गेली. सासूबाईंच्या हातची लोणच्याची बरणी गेली. सामानाची खोली गेली, तिच्यात कालिंदीच्या रुखवताची पेटी होती. पुढची भिंत फाकली आहे. जिन्याच्या चार पायऱ्या नाहीत. देव धर्मशाळेत गाठोड्यात आहेत. नाही, नाही, नाही. एकेका शब्दागणिक आत्या पुटपुटत होती, तिनं जपमाळ घट्ट धरली होती. अन्नपूर्णेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र ठाम होता. शेवटी ती म्हणाली, "इतना गया है. और जो है, वो ये लोग हैं. सब सलामत हैं. गंगामाई ने एक को भी हाथ नहीं लगाया."

मग गर्दीतून गल्लीतली कुंभारीण ओरडली, "सच कहती हैं! हम देखे हैं, पीछे कुछ नाहीं बचा!" आणि पानवाला, आणि शेजारचे तिन्ही घरवाले. ज्यांची नावं यादीत होती तेच सगळे. त्यांना काय पडलं होतं सांगा? एक नाव वाढलं तर त्यांच्यातलाच पत्रा वाटला जाणार होता. तरी ओरडले. टोकेकर ती गल्ली कधी विसरले नाहीत.

गिरिजाबाबूंनी वही मिटली. "हुजूर, अभी देख आता हूँ," म्हणाले आणि निघालेच. विष्णू त्यांच्याबरोबर गेला. दोन घटकांत दोघं परतले, दोघांचेही हात मातीनं भरलेले. विष्णूच्या काखेत पाट्याचा दगड होता, जो दोघांनी मिळून ढिगाऱ्यातून उपसला होता. "हुजूर, रहने लायक नहीं है," ओव्हरसियर म्हणाले. "नाम चढ़ा दिया जाए."

"चढ़ाइए," मेंबरसाहेब म्हणाले. मग अन्नपूर्णेकडे पाहून, चष्मा काढून पुसत, "बहनजी, आपने अच्छा किया. नहीं तो आज एक भले आदमी को मुझसे सुनना पड़ता."

शिवराम पुढे झाला. हा माणूस सगळ्या काशीचे नमस्कार घेणारा. त्यानं गिरिजाबाबूंचे मातीनं भरलेले दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि बसलेल्या घशानं म्हणाला, "बाबूजी, आपका उपकार है. जूते उतारे थे आपने. मेरी घरवाली ने बताया." गिरिजाबाबू ओशाळून हसायला लागले. "अरे पंडितजी, देवी थीं सामने. कौन नहीं उतारता?"

मग टेबलाशी बसून त्यांनी नवं पान काढलं. एका खोलीत सहा माणसं, असा म्युनिसिपालिटीचा नियम होता. त्यावर असली तर शेजारची दुसरी खोलीही मिळायची. ते त्यांनी सरळ सांगून टाकलं आणि विचारलं, "कितने जन हैं?"

शिवरामानं मनात मोजलं. आपण, ही, शरू, विष्णू, कालिंदी, आत्या. "छह," तो म्हणाला.

"सात," मागून आवाज आला.

सगळे वळले. सीताआत्या टेबलाशी येऊन उभी होती. जन्माला न आलेलं माणूस मोजायचं नाही, त्याचं नाव काढायचं नाही, त्याच्यासाठी अंगडं शिवायचं नाही, हे या घरात तिनंच घालून दिलेलं. कालिंदीला सातवा लागल्यापासून तिनं घरात कुणालाही त्या मुलाविषयी एक अक्षर बोलू दिलं नव्हतं. तिची स्वतःची दोन मुलं अशी आधीच मोजून झालेली होती, आणि दोन्ही गेलेली. हे शिवराम-विष्णूला फक्त ऐकून ठाऊक होतं.

"आत्या," विष्णू म्हणाला, "सहाच..." आणि तिच्या तोंडाकडे पाहून गप्प बसला.

"सात लिखो, बाबू," आत्या म्हणाली, मोठ्यानं, सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशी. "सातवाँ आठ-दस दिन में आ रहा है. उसको भी जगह लगेगी."

गिरिजाबाबूंनी मान खाली घालून सात लिहिलं.

कालिंदीनं तोंडाला पदर लावला, पण हुंदका काही थांबेना. भर घाटावर, परक्या पुरुषांच्या देखत, ती मोकळेपणी रडायला लागली. अन्नपूर्णेनं तिला जवळ घेतलं आणि तीही रडली. आत्यानं दोघींकडे पाहिलं, जपमाळ कमरेला खोचली आणि कालिंदीचा दंड धरला.

"रड, बाई, रड," ती म्हणाली. "पण पायरी बघून चढ. गाळ आहे."